अलास्काचा लेपा



मी माणदेशी माणूस. दहिवडीच्या पलीकडच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसते ते, आणि मासा म्हणजे पाठ्यपुस्तकातले चित्र. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, दापोली तालुक्यात शिक्षक म्हणून नेमणूक झाली तेव्हा. पुढे हर्णैच्या एका नाखवाची मुलगी माझ्या घरात आली आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पंथ झाले, एक पिठले-भाकरीचा आणि एक मासळीचा. चाळीस वर्षांच्या संसारात दोन्ही पंथ सुखाने नांदले. मात्र एक गोष्ट कधी घडली नव्हती. मी आणि आमच्या सौ. दोघे मिळून मासे धरायला कधी गेलो नव्हतो. तो योग आला २०१९ सालच्या जूनमध्ये, आणि तोही कुठे, तर अलास्कात.

अलास्का हे अमेरिकेचे अगदी वायव्य टोक. रशियाने ते १८६७ साली ७२ लाख डॉलरना अमेरिकेला विकले आणि १९५९ साली ते तिथले एकोणपन्नासावे राज्य झाले. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाचपट, आणि माणसे किती म्हणाल, तर सगळ्या राज्यात मिळून साडेसात लाखांच्या आत. आमची मुलगी आणि जावईबापू सिअ‍ॅटल शहरी राहतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापू म्हणाले, "बाबा, अलास्का दाखवतो. पण हॉटेलात राहायचं नाही. घर बरोबर घेऊन जायचं."

घर बरोबर म्हणजे काय, ते मला अँकरेज गावी विमानातून उतरल्यावर कळले. पंचवीस फूट लांबीची मोटार. आत दोन शेगड्यांचा गॅस, शीतपेटी, झोपायच्या तीन जागा, न्हाणीघर, संडास, सगळे. पुढे जावईबापू गाडी हाकताहेत आणि मागे आमच्या सौ. नातवाला मांडीवर घेऊन शेंगा सोलताहेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसे. आपल्याकडची ऊसतोडणीची मंडळी गाडीवर संसार घालून निघतात; हेही तसेच, फरक एवढाच की ती पोटासाठी निघतात आणि ही हौसेने. या गाडीत पिण्याच्या पाण्याची टाकी निराळी आणि घाण पाण्याची निराळी. घाण पाण्याची टाकी दोन दिवसांनी ठरलेल्या जागी नळी लावून रिकामी करावी लागते. रस्त्यात कुठेही ओतायची नाही. हे काम जावईबापूंकडे होते आणि ते करताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे.

अँकरेजहून होमर हे गाव सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तिथे रस्ता संपतो. पुढे समुद्र. पण संपतो म्हणावे तर तेही खरे नाही. होमरच्या पुढे समुद्रात सात किलोमीटर लांबीची वाळू-खड्यांची एक अरुंद जीभ शिरलेली आहे, तिच्यावरून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि समोर खाडीपलीकडे बर्फाचे डोंगर. १९६४ सालच्या २७ मार्चला अलास्कात फार मोठा भूकंप झाला, त्यात ही जीभ काही फूट खाली बसली. तरी लोकांनी भर घालून ती पुन्हा उभी केली. या जिभेवर मच्छीमार बंदर आहे, आणि बंदराशेजारी ही चाकांवरची घरे ओळीने उभी करायची सोय आहे. मंगळवारी, १८ जूनला संध्याकाळी आम्ही तिथे पोहोचलो. संध्याकाळ म्हणतो ती घड्याळाची. उजेड रात्री अकरापर्यंत असतो.

होमर प्रसिद्ध आहे ते हॅलिबट नावाच्या माशासाठी. तिथे होड्या भाड्याने निघतात. होडी त्यांची, गळ त्यांचा, तांडेल त्यांचा. आपण पैसे द्यायचे, दिवसभर मासे धरायचे आणि नियमाप्रमाणे घरी न्यायचे. दर माणशी जवळजवळ तीनशे डॉलर. दोघांचे सहाशे, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने बेचाळीस हजार रुपये. मुलीने हा बेत आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ठरवला होता. नातू लहान, त्याला सांभाळायला ती दोघे किनाऱ्यावर राहणार आणि आम्ही दोघे जाणार.

आमच्या सौ. आकडा ऐकून उठून बसल्या. "पैसे देऊन मासे मारायचे? बाबा असते तर म्हणाले असते, पोरीला वेड लागलं. आमच्याकडे मासे मारणाऱ्याला पैसे मिळतात."

मी म्हणालो, "अगं, हौस असते एकेकाची."

"हौस करायची तर हर्णैला या म्हणावं. दादा फुकट नेईल. वर जेवायला घालील."

पण पैसे भरलेले होते. फुकट घालवणे त्यांना त्याहून नामंजूर. तेव्हा जायचे ठरले.

बुधवारी सकाळी पाहतो तो बंदरातल्या भाड्याच्या होड्या जागच्या जागी. वारा नाही, पाऊस नाही, समुद्र ताटासारखा. चौकशी केली तर कळले, त्या वर्षी भाड्याच्या होडीतून हॅलिबट धरायला दर बुधवारी बंदी होती. वर्षाकाठी या होड्यांनी एकंदर किती मासा काढायचा, ते आधी ठरते. तो आकडा ओलांडला जाऊ नये म्हणून आठवड्यातला एक दिवस बंद. आमच्या सौ.ना ही गोष्ट मात्र पटकन समजली. म्हणाल्या, "आपल्याकडे पावसात बंद, इथं बुधवारी बंद." त्यांच्या लहानपणी पाऊस लागला की होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा काढायच्या. तो रिवाज सरकारी कायद्याच्या आधीचा. मग त्या दिवसभर बंदरावर फिरत राहिल्या. दुसऱ्याच्या बंदरात त्या अशा हिंडत होत्या, जशी मी परगावची शाळा बघत हिंडतो.

गुरुवारी पहाटे निघालो. होडी तीस फुटी, ॲल्युमिनियमची. उतारू सहा. आम्ही दोघे, आयोवा राज्यातले एक मका पिकवणारे जोडपे आणि दोन तरुण. शिवाय तांडेल आणि एक खलाशी. बंदरातले धक्के तरते असतात आणि वरून त्यांच्यापर्यंत उतरता पूल असतो. भरतीला पूल जवळजवळ सपाट, ओहोटीला असा उभा की जिन्यासारखा. कारण तिथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत वीस फुटांहून अधिक फरक पडतो. आपल्या मुंबईला उधाणाचा फरक पंधरा फुटांच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना करा. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी होती. मी कठडा धरून, आमच्या सौ. न धरता.

अर्ध्या वाटेत त्या मला म्हणाल्या, "वटपौर्णिमा होऊन चार दिवस झालेत. उधाणाचं पाणी आहे अजून. गळ तळाला टिकणार नाही, बघा तुम्ही."

मी हे तांडेलला इंग्रजीत सांगितले. त्याने सौ.कडे नीट पाहिले आणि विचारले, "या कुठल्या?" मी म्हणालो, "यांचे वडील तुमच्याच धंद्यातले." त्यानंतर दिवसभर तो मला सोडून त्यांच्याशीच बोलत होता. भाषा कळत नव्हती, पण अडत कुठे नव्हते.

दीड तास गेल्यावर होडी थांबली आणि नांगर टाकला. खाली दोनशे फूट पाणी. पश्चिमेला क्षितिजावर बर्फाने झाकलेले ज्वालामुखी. हा देखावा फार सुंदर होता असे मला नंतर फोटोवरून समजले. त्या वेळी मी होडीच्या कठड्यावर वाकून सकाळचा चहा समुद्राला परत देत होतो. आल्याचा तुकडा चघळला, गोळी घेतली, काही उपयोग नाही. होडी चालत असते तोवर बरे असते. नांगरून डुलायला लागली की माणदेशी पोट बंड करते. आयोवाच्या बाईंनी मला पाणी दिले. आमच्या सौ. म्हणाल्या, "दूरच्या डोंगराकडे बघा. पाण्याकडे बघू नका." मग त्या आपल्या गळाकडे वळल्या.

आता गळ कसा असतो ते सांगतो. आखूड जाड काठी, तिला चक्री, चक्रीवर बळकट दोरी. दोरीच्या शेवटी तीन पौंडांचे शिसे आणि जवळजवळ वाटोळा गळ, त्याला हेरिंग नावाची, आपल्या तारलीच्या जातीची मासळी लावलेली. शिसे तळाला टेकू द्यायचे, हातभर वर घ्यायचे आणि थांबायचे. आपल्याकडे मासा चावला की हिसडा मारतात. इथे हिसडा मारायचा नाही. गळ वाटोळा असल्यामुळे मासा आमिष घेऊन वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. गळ गिळला जात नाही, पोटात रुतत नाही, म्हणून मासा परत सोडला तर जगायची आशा असते. तांडेलने हे सांगताना आम्हा सर्वांना बजावले, पण आयोवाच्या गृहस्थांनी तीनदा हिसडा मारला आणि तीनदा आमिष गमावले.

पहिला मासा आमच्या सौ.नीच काढला. दोनशे फुटांवरून चक्री फिरवत वर आणायचे म्हणजे विहिरीतून भरलेली मोट हातांनी ओढण्यासारखे. मासा पाण्याबाहेर आला आणि त्या ओरडल्या, "अहो, हा तर लेपा!"

कोकणातल्या श्रोत्यांना लेपा सांगायला नको. चपटा, पानासारखा, वाळूवर पडून राहणारा मासा. हॅलिबट त्याच घराण्यातला; फक्त हा भाऊबंद फार वाढलेला. वरची बाजू मातकट, तळाची पांढरी. आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. खलाशी गळ सोडवीत होता, तेवढ्यात सौ.नी त्याचा हात थांबवला. मासा फिरवून पाहिला. मग मला म्हणाल्या, "डोळे उलट्या बाजूला आहेत. आपल्या लेप्याचे डावीकडे असतात. याचे उजवीकडे."

चाळीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले, ही गोष्ट मला माहीत नव्हती. पुढे वाचून पाहिले, त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. शिक्षक मंडळींनी हे वर्गात जरूर सांगावे. हॅलिबटचे पिलू अंड्यातून निघते तेव्हा इतर माशांसारखेच असते, एक डोळा इकडे, एक तिकडे. ते उभे पोहते. मग ते वाढू लागले की डावा डोळा हळूहळू कपाळावरून सरकत उजव्या बाजूला येतो, मासा डाव्या कुशीवर आडवा होतो आणि तळाशी राहायला जातो. तळाकडची बाजू पांढरी पडते, वरची वाळूच्या रंगाची होते. आपला लेपाही असाच बदलतो, पण त्याचा उजवा डोळा डावीकडे येतो. समुद्र दोन, घराणे एक, आणि कुशी उलट्या.

तो पहिला मासा सव्वीस इंचांचा भरला. त्या वर्षीचा नियम असा होता : भाड्याच्या होडीतून माणशी दिवसाला दोन हॅलिबट. त्यांतला एक कितीही मोठा चालेल, पण दुसरा अठ्ठावीस इंचांपेक्षा मोठा चालणार नाही. आणि सबंध वर्षात मिळून माणशी चार. तांडेल आणि खलाशी यांनी स्वतःसाठी एकही धरायचा नाही. मासा ठेवला की तिथल्या तिथे आपल्या परवान्यावर शाईच्या पेनाने नोंद करायची. पेन्सिल चालत नाही, बरं का. होडी डुलते आहे, हाताला माशाचा चिकटा आणि आमच्या सौ. परवान्यावर तारीख लिहिताहेत. मला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची आठवण झाली.

नियमामुळे सगळ्यांचे डोके हिशेबात गुंतते. एकतीस इंचांचा आला, तो ठेवावा की सोडावा? ठेवला तर मोठ्या माशाची जागा गेली. सोडला आणि पुढे काही आलेच नाही तर? आयोवाचे शेतकरी तीसचा सोडून बसले आणि नंतर तासभर हळहळत होते. मी मात्र दोन उलट्यांच्या मध्ये चौतीस इंचांचा काढला आणि ताबडतोब "ठेवा" म्हणालो. पुढे एक सत्तावीसचा मिळाला आणि माझा कोटा संपला.

सौ.ना हे सोडणे मुळीच रुचत नव्हते. तीस-बत्तीस इंचांचे त्यांनीही दोन सोडले, मोठ्याच्या आशेने. पण प्रत्येक वेळी त्यांचे तोंड आंबट होई. "हाती आलेली लक्ष्मी पाण्यात टाकायची. श्रीमंतांचे चोचले सगळे." मला वाटते, ज्याच्या घरी मासळी हा व्यापार आहे त्याला हे खुपणारच. दाणे मोजून पेरणाऱ्याला पंगतीतले उष्टे बघवत नाही.

साडेअकराच्या सुमारास पाण्याची ओढ थांबली. दोन उधाणांच्या मधली ती वेळ. तेव्हा सौ.ची काठी वाकली, आणि वाकली ती सरळ होईना. आधी वाटले गळ खडकात अडकला. मग खडक चालू लागला. चक्रीची दोरी सुटत गेली, थांबली, पुन्हा सुटली. तांडेलने बाकीच्यांना गळ वर घ्यायला सांगितले. एका तरुणाने काठी धरायला हात पुढे केला, सौ.नी कोपराने बाजूला सारला. चाळीस मिनिटे त्या झगडत होत्या. ओढायचे, दोन हात दोरी मिळवायची, मग मासा चार हात परत नेई. पदर खोचलेला, त्यावर तो नारिंगी तरंगणारा अंगरखा, केस तोंडावर आलेले. मी माझे पोट विसरलो.

मग खाली पाण्यात काहीतरी मोठे पांढुरके फिरले. वर आला तेव्हा सगळे गप्प झाले. दाराच्या फळीएवढा मासा. तांडेलने होडीच्या कडेने फीत लावून अंदाजे माप घेतले, बासष्ट इंच. आमच्या सौ.ची उंची पाच फूट, म्हणजे मासा त्यांच्यापेक्षा दोन इंच लांब. लांबीवरून वजन काढायचा तक्ता प्रत्येक होडीवर असतो. तक्त्याप्रमाणे वजन शंभर पौंडांच्या वर गेले.

एवढा मासा जिवंत होडीत घेतला तर शेपटीच्या एका फटक्याने माणसाचा पाय मोडतो. म्हणून तिथे आधी भाला मारतात किंवा डोक्यात गोळी घालतात. खलाशाने पेटीतून छोटी बंदूक काढली. तांडेल सौ.कडे वळून म्हणाला, "मॅम, तुमची मोठ्या माशाची जागा शिल्लक आहे. हा तुमचा आहे. ठेवायचा की सोडायचा, ते तुम्ही सांगा. फार वेळ नाही."

मी भाषांतर केले आणि आपल्याकडून जोड दिली, "ठेवू या. आपल्या आळीत कुणी असा पाहिला नसेल. फोटो काढू."

त्या माशाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "त्याला विचारा, नर आहे की मादी?"

तांडेल म्हणाला, "एवढी मोठी ती मादीच. नर इतके वाढत नाहीत."

"वय?"

"नक्की सांगता येत नाही. पंधरा-वीस वर्षे तरी."

"अंडी केव्हा घालते?"

"हिवाळ्यात. खोल समुद्रात."

"म्हणजे अजून घालायची आहेत." हे त्या मला म्हणाल्या नाहीत, तांडेललाही नाही. मग त्यांनी विचारले, "मी सोडली तर उद्या दुसरा कुणी धरील?"

हा प्रश्न मी सांगितला तेव्हा तांडेल हसला नाही. म्हणाला, "धरील. नियमात बसते. मागे दोन होड्या उभ्या आहेत, पाहा." आणि खरेच उभ्या होत्या.

मला वाटले, आता त्या ठेवणार. उत्तर तर त्याच बाजूचे होते. पण त्यांनी हाताने खूण केली, जशी शाळेत घंटा झाल्यावर मुलांना सोडतात तशी. खलाशाने लांब आकडीने गळ उलटा फिरवला. मासा क्षणभर तसाच पाण्यावर आडवा पडून राहिला. मग शेपटीचा एक फटका बसला, आम्ही सगळे भिजलो, आणि खाली काही दिसेनासे झाले.

खरे सांगतो, मला राग आला. बेचाळीस हजार रुपये, चाळीस मिनिटे, आणि फोटोसुद्धा नाही, कारण कॅमेरा माझ्या खिशात होता आणि मी बोलत बसलो होतो. मी म्हणालो, "सकाळपासून चोचले म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि हात चोळत बसल्या. त्यांचे तळहात सोलवटले होते.

त्यानंतर पाण्याला पुन्हा ओढ लागली. तीन पौंडांचे शिसे काय, पाच पौंडांचेही तळाला ठरेना. सौ.ना दुसरा मासा मिळाला नाही. आयोवाच्या बाईंना चाळीस इंचांचा मिळाला, त्यांचा नवरा रिकामा राहिला. दोन वाजता नांगर उचलला.

परत येताना खलाशाने मासे कापले. पण काटे काढून तुकड्या केल्या तरी डोके-शेपटीसकट सांगाडा बंदरापर्यंत जपून आणावा लागतो. समुद्रात फेकायचा नाही. नाहीतर मासा सत्तावीस इंचांचा होता की सदतीसचा, ते कोण सांगणार? धक्क्यावर राज्याच्या मत्स्यखात्याची एक तरुण मुलगी पाट आणि फूटपट्टी घेऊन उभी होती. तिने सांगाडे मोजले आणि डोक्यातून बारीक चिमट्याने दोन पांढरे खडे काढले. त्यांना कानातले खडे म्हणतात. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षावर्षाची वलये असतात तशी त्या खड्यातही असतात. प्रयोगशाळेत ती मोजून माशाचे वय काढतात. सौ.नी एक खडा तळहातावर घेऊन पाहिला, घोसाळ्याच्या बीएवढा, आणि परत दिला.

हे सगळे मोजमाप येते कुठून, तेही सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याजवळचा हॅलिबट काढून काढून विरळ झाला. होड्यांना दूर दूर जावे लागू लागले. तेव्हा मच्छीमारांनीच बंदीची मागणी केली. १९२३ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला आणि हिवाळ्यात, म्हणजे अंडी घालण्याच्या दिवसांत, तीन महिने मासेमारी बंद ठेवली. समुद्रातला मासा राखण्यासाठी दोन देशांनी केलेला हा अगदी पहिल्या करारांपैकी एक. कॅनडाने ब्रिटनची सही न घेता स्वतः केलेला हा पहिला तह, हीही एक गंमत. त्यातून जे मंडळ निघाले ते आजही आहे आणि दरवर्षी हिशेब मांडते. पन्नास पौंडांची मादी पाच लाखांच्या आसपास अंडी घालते आणि अडीचशे पौंडांवरची चाळीस लाखांपर्यंत. मादी पहिल्यांदा अंडी घालायला साधारण बारा वर्षांची व्हावी लागते. एवढे नियम असून सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. गेल्या काही दशकांत त्याच वयाचा हॅलिबट पूर्वीपेक्षा लहान भरतो, आणि एकूण साठाही खाली आला आहे. का, यावर शास्त्रज्ञांचा खल अजून चालू आहे. नियमही दरसाल थोडेफार बदलतात. मी सांगितले ते २०१९ सालचे.

संध्याकाळी चाकांवरच्या घरात आमच्या सौ.नी कालवण केले. आमसुले त्यांनी इथूनच नेली होती. नारळ तिथे डब्यातला, त्याला त्यांनी नावे ठेवली. हॅलिबटचे मांस पांढरे, घट्ट, काटा जवळजवळ नाही. माझ्यासारख्या घाटावरच्या माणसाला अगदी सोयीचे. जावईबापू दोनदा भात घेऊन म्हणाले, "आई, तुमचे दोन ठेवायचे ते एकच कसा?" मुलीने त्यांना डोळ्यांनी गप्प केले.

रात्री दहाला बाहेर चक्क ऊन होते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेअकरा वाजलेले. सौ.नी हर्णैला भावाला फोन लावला. जून महिना, म्हणजे दादा घरीच. आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते. दादा पडवीत जाळी दुरुस्त करीत बसले होते. मागे पावसाचा आवाज फोनमधून ऐकू येत होता.

त्यांनी सगळे सांगितले. बुधवारचे सांगितले, पेनाचे सांगितले, बासष्ट इंचांचे सांगितले.

"आणि सोडलीस?" दादांचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. "बाय, इथं कोण सोडतंय? आपण सोडावी तर मागची होडी उचलते. करंगळीएवढं पापलेट विकायला येतं बाजारात. आपण सोडून काय उपयोग?"

तेव्हा दादांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे २०२३ साली महाराष्ट्र सरकारने चोपन्न जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान धरायचा नाही म्हणून. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केले. आता हर्णैच्या लिलावात फूटपट्टी कोण लावते ते मी पुढच्या खेपेला पाहणार आहे. पण त्या रात्री यातले काहीच नव्हते.

"इथंही मागं होडी होती, दादा," सौ. म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. होती."

पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मला वाटले फोन कटला. मग दादांनी विचारले, "डोळे कुठल्या बाजूला म्हणालीस?"

"उजव्या."

"उजव्या? नीट पाहिलंस?"

"हातात घेऊन पाहिलं," त्या म्हणाल्या, आणि परवाना पुढे ओढून त्याच्या मागच्या कोऱ्या जागेवर, एका ओळीच्या नोंदीखाली, पेनाने दादांसाठी लेप्याचे चित्र काढू लागल्या.